पन्नासाला एक

विमानतळाच्या बाजूला राहणाऱ्या आम्हा पार्लेकरांना एक खोड असते. बोलता बोलता मधेच थांबतात. हात तसाच हवेत, चहाचा कप तसाच ओठांपाशी. डोक्यावरून विमान जातं, मांडणीवरची भांडी थरथरायची थांबतात आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच, त्याच क्रियापदापासून पुढे सुरू होतं. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, यांना काहीतरी आठवलं. माझी मुलगी पहिलीत असताना तिच्या बाईंनी मला बोलावून विचारलं होतं, "घरी बोलताना अडखळते का हो ही?" अडखळत नव्हती बिचारी. सगळी माणसं अशीच बोलतात, असं तिला वाटायचं.

तर गेल्या वर्षी आमच्या सोसायटीची सभा गच्चीवर भरली. विषय पुनर्विकास. तळमजला अधिक तीन, १९७४ चं बांधकाम, लिफ्ट नाही, जिन्याच्या छताच्या सळया दिसायला लागलेल्या. तळमजल्यावरच्या काकू गुडघ्यांपायी वर येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांनी आपलं मत चिठ्ठीवर लिहून पाठवलेलं. सेक्रेटरीकाकांच्या हातात विमानतळ प्राधिकरणाचं उंचीच्या परवानगीचं पत्र आणि चेहरा फुललेला. "एकोणतीस मीटर! म्हणजे नऊ मजले कुठे गेले नाहीत." कुणीतरी पेढ्यांचं नाव काढलं.

मी पत्र मागून घेतलं आणि सगळ्यांच्या आनंदावर पाणी ओतलं. ते एकोणतीस मीटर समुद्रसपाटीपासूनचे होते. आमच्या प्लॉटची जमीनच अकरा मीटरवर आहे. उरले अठरा. त्या अठरात गच्चीवरची पाण्याची टाकी आली, लिफ्टची मशीनरूम आली, डिशच्या छत्र्या आल्या, विजेपासून वाचवणारी सळईसुद्धा आली. खाली पार्किंग, वर चार मजले, त्यावर टाकी, संपलं. म्हणजे राहायचे मजले आत्ता आहेत तेवढेच. विकायला एकही जादा फ्लॅट नाही म्हटल्यावर कुठला बिल्डर दारात उभा राहणार?

"मॅडम, तुम्ही तर त्यातल्याच ना," काका म्हणाले. "जरा कुणाशी बोला की."

त्यातली आहे हे खरं. सव्वीस वर्षं मी विमानतळांच्या आराखड्यांवर काम केलंय. ज्या न दिसणाऱ्या छतामुळे आमचं घर अडलंय, तसली छतं मी दुसऱ्यांच्या गावांवर काढलेली आहेत. कागदावर, तुटक रेषेने.

हे छत समजायला धावपट्टीच्या टोकाशी उभं राहावं लागतं, निदान मनाने. टोकापासून साठ मीटर सोडायचे. तिथे ते जमिनीला टेकलेलं असतं. तिथून बाहेरच्या दिशेने चढत जातं. पन्नास मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. दोन्ही अंगांना ते पसरतही जातं, त्यामुळे नकाशावर नरसाळ्यासारखं दिसतं. पार्ला, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर इथल्या प्रत्येक रखडलेल्या सोसायटीच्या तोंडी जो 'फनेल झोन' असतो, तो हाच. सभेनंतरच्या रविवारी मी ते छत घरापर्यंत पायी मोजत आले. रिक्षा स्टँडपाशी पाच मीटर, म्हणजे पेरूला परवानगी, नारळाला बंदी. दूधकेंद्रापाशी नऊ. शाळेच्या कोपऱ्यावर तेरा. आमच्या फाटकाशी अठरा. कुणाला सांगण्यासारखं काही नव्हतं, पण त्या रस्त्याने मी पंचवीस वर्षं भाजी आणतेय आणि आपण चढणीच्या छताखालून चालतोय, हे मला, माझ्यासारखीला, त्या दिवशी पहिल्यांदा अंगावर जाणवलं.

हे पन्नासाला एक आलं कुठून? शेकड्यात बोलायचं तर ते दोन होतात. दोन इंजिनांचं विमान सुटतानाच एक इंजिन बंद पडलं, तरी चाकं आत घेतल्यावर त्याने शेकडा २.४ या दराने चढलंच पाहिजे, अशी अट असते. छत शेकडा दोनने चढतं, लंगडं विमान शेकडा २.४ ने. किलोमीटरमागे चार मीटरचा फरक. एवढीच फट. रोजची विमानं अर्थातच याच्या कितीतरी वरून जातात, म्हणून काकांना पटत नाही. "वर एवढी जागा रिकामी पडलीय की!" रिकामी आहेच. ती एखाद्या वाईट दिवसासाठी राखलेली आहे, आणि तो दिवस बहुतेक कधीच येत नाही.

विमानतळ म्हटलं की लोकांना काचेची इमारत आठवते. आमच्या आराखड्यात ती बरीच उशिरा येते. आधीची पानंच्या पानं एकाच कामात जातात: मोकळं काय ठेवायचं, किती आणि कुठपर्यंत. धावपट्टीच्या कडेचं गवत, टोकापुढची माती, आकाशातलं हे नरसाळं. कुंपणाच्या आतली मोकळीक पैसे मोजून घेता येते. कुंपणाबाहेरची मात्र लोकांच्या घरांवर, नारळांवर आणि पाण्याच्या टाक्यांवर टाकावी लागते.

पण हे सगळं नरसाळं कुठे तोंड करून असणार, ते ठरवतो वारा. विमानाला सुटताना आणि उतरताना समोरून वारा हवा. आडवा वारा त्याला बाजूला ढकलतो. मी हे शिकले ते पुण्यात, १९९२ साली, शेवटच्या वर्षाला. प्रकल्पासाठी पाच वर्षांच्या वाऱ्याच्या नोंदी हव्या होत्या, दिवसातून आठ वेळा घेतलेल्या. गुणाकार केला तर चौदा हजार सहाशे. त्या उतरवून घ्यायला आम्ही तिघी शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात, म्हणजे वेधशाळेत, महिनाभर जाऊन बसत होतो. दिशा, वेग. दिशा, वेग. तिसऱ्या आठवड्यात मला स्वप्नातही आकडेच दिसत होते.

मग त्यांचं 'विंड रोझ' काढायचं. मोठं वर्तुळ, सोळा दिशांच्या पाकळ्या, आणि प्रत्येक घरात त्या दिशेने, त्या वेगाने वारा किती टक्के वेळ वाहिला तो आकडा. ताशी साडेसहा किलोमीटरच्या आतला वारा मधल्या छोट्या वर्तुळात. तो कुणालाच त्रास देत नाही. आता ट्रेसिंग पेपरवर तीन समांतर रेघा मारायच्या. मधली धावपट्टी, बाजूच्या दोन म्हणजे विमानाला सोसवेल एवढ्या आडव्या वाऱ्याची हद्द. कागद वर्तुळावर ठेवायचा, मध्यावर टाचणी टोचायची आणि हळूहळू फिरवत राहायचं. प्रत्येक कोनाला रेघांच्या आत सापडलेल्या टक्क्यांची बेरीज. ज्या कोनाला बेरीज सगळ्यात जास्त, ती धावपट्टीची दिशा. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, बेरीज निदान ९५ यावी. म्हणजे आडव्या वाऱ्यापायी शंभरातले पाचच वेळा विमानतळाला हात वर करावे लागले तर चालेल. माझी बेरीज ९३ वर अडली होती. सर मागून येऊन म्हणाले, "फिरव अजून. आत्ता फिरतंय तोवर फिरव, डांबर पडल्यावर फिरत नाही." संध्याकाळपर्यंत टाचणीचं भोक इतकं मोठं झालं, की कागद फाटला आणि मी नवीन कापला.

मुंबईसाठी हे केलं तर उत्तर बरंचसं आधीच माहीत असतं. पावसाळ्यातला वारा आणि दुपारचा खारा वारा, दोन्ही समुद्राकडून. म्हणून सांताक्रूझची मोठी धावपट्टी पूर्व-पश्चिम. तिचं नाव ०९/२७, म्हणजे होकायंत्रावर ९० अंश आणि २७० अंश, शेवटचं शून्य गाळून. चुंबकीय उत्तर सरकते, तसा हा आकडाही कधीकधी बदलावा लागतो; अमेरिकेत टॅम्पाला २०११ मध्ये धावपट्टीवरचं १८ पुसून १९ रंगवलं होतं. जमीन तिथेच, नाव बदललं. मला याची फार गंमत वाटते.

आकडा नीट न वाचण्याची किंमत मात्र गमतीची नसते. जुहूचा विमानतळ १९२८ चा. कराचीहून टपाल घेऊन निघालेले जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला तिथेच उतरले होते. त्याची धावपट्टी ०८/२६, सांताक्रूझची ०९/२७. दोन्ही एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आणि जवळजवळ एकाच रोखाने. समुद्रावरून येणाऱ्या वैमानिकाला आधी जुहू दिसतं. १९५३ मध्ये एक कॉमेट विमान चुकून तिथे उतरलं. १९७२ च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सचं डीसी-८ असंच सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर टेकलं आणि टोकापलीकडे गेलं. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. वाऱ्याने दोघींना एकाच दिशेला तोंड करायला लावलं, त्याचा हा उपपरिणाम.

सांताक्रूझला दुसरी धावपट्टीही आहे, १४/३२, आणि ती पहिलीला छेदून जाते. याला आज सगळे नावं ठेवतात. पण त्या काळची विमानं हलकी होती, थोड्या आडव्या वाऱ्यानेही भेलकांडायची. म्हणून दुसऱ्या वाऱ्यासाठी दुसरी पट्टी, आणि जागा वाचवायला फुलीसारखी. महायुद्धाच्या काळातले जगभरचे तळ असेच आखलेले आहेत. पुढे विमानं जड झाली. मोठ्या जेटला ताशी ३७ किलोमीटरपर्यंतचा आडवा वारा धरून चालतात. वाऱ्याचा प्रश्न मागे पडला आणि गर्दीचा पुढे आला, आणि गर्दीपुढे फुली कुचकामी. एकीवर विमान असलं की दुसरीने थांबायचं. दोन पट्ट्या असून काम एकीचंच. तरी २०१८ च्या डिसेंबरात मुंबईने एका दिवसात हजारावर विमानं हाताळली. भागाकार करा: दर दीड मिनिटाला एक. आमच्या पार्ल्याच्या बोलण्यातला पूर्णविराम तेवढ्या अंतरावर पडतो.

फुलीवरचा उतारा म्हणजे समांतर पट्ट्या. पण जवळजवळच्या नव्हेत. दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवायची तर मधलं अंतर निदान १०३५ मीटर हवं, असा आंतरराष्ट्रीय नियम. धावपट्टी असते साठेक मीटर रुंद. म्हणजे दोन पट्ट्यांत जवळजवळ सगळी मोकळीकच विकत घ्यायची. मुंबईत ती कुठून आणणार? सांताक्रूझच्या कुंपणाला वस्त्या टेकल्यात, मिठी नदी धावपट्टीखालच्या बोगद्यातून वाहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा नदीने आपली जुनी वाट मागितलीच.

म्हणून खाडीपलीकडे नवी मुंबई. तिथे दोन पट्ट्यांत १५५० मीटर ठेवलेत. पण ही मोकळीक तिथे पडलेली नव्हती, ती करावी लागली. उलवे टेकडी सुरुंग लावून कापली, तीच माती खाजणात भरली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावं उठली. त्यांना विकसित जमिनीचा साडेबावीस टक्क्यांचा मोबदला ठरला. तिकडे नुसतं 'साडेबावीस' म्हटलं तरी पुढचं सगळं समजतं. २०१८ मध्ये भूमिपूजन, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन, २५ डिसेंबरपासून विमानं. सध्या एकच पट्टी चालू आहे. टेकडी कापायचं काम चालू असताना मी एकदा तिथे गेले होते. एका बाजूला खडकाचा ताजा, करडा काप आणि त्याच्या माथ्यावर अजून उरलेला हिरवा पट्टा, कापलेल्या पावावरच्या बुरशीसारखा. गावातल्या एक आजी रस्त्याकडेला सुकट पसरून बसल्या होत्या. माझ्या हेल्मेटकडे बघून म्हणाल्या, "तू मोजायला आलीस की उठवायला?" मी म्हटलं, मोजायला. त्या म्हणाल्या, "एकच गो ते."

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आणि काकांचं ते पत्र हातात धरलेलं असताना मला त्या आजीच आठवल्या, हेही सांगून टाकते.

कोकणात वेगळीच मौज आहे. तिथे सडा असतो: जांभ्या दगडाचं सपाट, उघडं पठार. नकाशा बघणाऱ्याला वाटतं, देवाने विमानतळासाठीच करून ठेवलंय. सिंधुदुर्गातलं चिपी (२०२१) सड्यावर, गोव्यातलं मोपा (२०२३ च्या जानेवारीपासून) सड्यावर. सडा रिकामा नसतो, पावसाळ्यात गुरांना आणि फुलांना विचारावं. पण सड्याची खरी गोम टोकाला असते. पठार संपतं तिथे ते एकदम संपतं. धावपट्टीपुढे, घसरलेल्या विमानाला थांबायला म्हणून मोकळी जमीन ठेवायची असते. नियमाने निदान ९० मीटर, शिफारस २४० ची. पठारावर धावपट्टी थोडी लांब हवी म्हणून हीच जमीन कुरतडायचा मोह होतो. टेबलासारख्या माथ्यावरच्या धावपट्ट्यांचं नाव आपण मंगळूरला मे २०१० मध्ये ऐकलं, १५८ माणसं गेली. पुन्हा कोळिकोडला ऑगस्ट २०२० मध्ये, २१ माणसं. चुका वैमानिकांच्या होत्या, वारा-पाऊस होता, सगळं खरं. पण सपाट जमिनीवर जी चूक चिखलात रुतून संपली असती, ती तिथे दरीत गेली.

धावपट्टी थोडी लांब का हवी, याचंही कारण हवेत असतं. उंचावरची हवा विरळ, तापलेली हवा विरळ. विरळ हवेत पंखांना आधार कमी, इंजिनाला दम कमी. कच्चा हिशेब असा: उंचीच्या दर ३०० मीटरना लांबी सात टक्के वाढवा, आणि तिथल्या प्रमाण तापमानापेक्षा (समुद्रसपाटीला ते १५ अंश धरतात) जितके अंश जास्त, तितके टक्के आणखी. समुद्रकाठी त्या प्रमाण तापमानाला २००० मीटर पुरत असतील, तर मे महिन्यातल्या नागपूरला तेच विमान पावणेतीन हजारांवर मागतं. वैदर्भीय उन्हाचं कौतुक आम्हा इंजिनियरांना हे असं, मीटरमध्ये.

काचेच्या इमारतीबद्दल न लिहिलं तर घरचे म्हणतील, विमानतळावर लिहिलं आणि विमानतळच राहिला. तर ते पंगतीचं गणित आहे. कार्याला दिवसभरात किती माणसं येणार यावरून आचारी हॉल ठरवत नाही. एका पंगतीला किती पानं, ते विचारतो. इथेही वर्षाचे प्रवासी बाजूला ठेवून गर्दीच्या तासाचे मोजतात. आणि सगळ्यात गर्दीचा तास धरत नाहीत, नाहीतर उरलेलं वर्ष इमारत ओस पडेल. एक जुनी ब्रिटिश पद्धत तिसाव्या क्रमांकाचा तास धरते. म्हणजे वर्षातले एकोणतीस तास दाटी होणार, हे आधीच कबूल केलेलं. दिवाळीच्या आदल्या रात्री सुरक्षा तपासणीच्या रांगेत तुमच्या पायावर कुणाची बॅग येते ना, तो त्या एकोणतीसांपैकी एक तास. कुणीतरी शांत डोक्याने तो तुमच्या वाट्याला लिहिलेला असतो. एकदा अशा रांगेत नवऱ्याला मी हे समजावून सांगितलं. तो बराच वेळ माझ्याशी बोलला नाही.

परवा सोसायटीची पुन्हा सभा झाली. या वेळी तळमजल्यावर, काकूंच्याच घरात, म्हणजे त्यांनाही बोलता येईल. एका तरुण आर्किटेक्टने तोडगा आणला होता: पाण्याची टाकी गच्चीवर नको, जमिनीखाली करू आणि पंपाने पाणी चढवू, मशीनरूम नसलेली लिफ्ट घेऊ. वरचे तीन मीटर सुटतात, एक मजला मिळतो. मुलगा हुशार होता. मी आकडे तपासले, बरोबर होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू तो मजला मीच मंजूर करणार होते.

"पण मॅडम," काका म्हणाले, "आता तिकडे नवी मुंबई सुरू झाली. इथली विमानं कमी होणार. मग ही उंचीची भानगडही सुटेल ना?"

"विमानं कमी झाली तरी पट्टी तिथेच आहे, काका. दिवसाला एकच विमान येत असलं, तरी छत तेवढंच राहतं."

"एकासाठी?"

"एकासाठीच तर असतं ते."

काका काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलेलं, बोट वर. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या, काकूंच्या शोकेसमधले कप एकमेकांना लागले, आणि आम्ही सगळे तसेच थांबलो, आर्किटेक्ट मुलगा सोडून. तो ठाण्याचा होता, तो बोलतच राहिला. त्याचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं.

आवाज ओसरला. काकू म्हणाल्या, "आणि जमिनीखाली टाकी केली, तर माझ्या तुळशीचं काय?"